जुना ठरलेला नवा कम्पायलर

नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात मी संगणकाची सी भाषा शिकवतो. प्रात्यक्षिक परीक्षेत अंतर्गत परीक्षकाने विद्यार्थ्याला काहीही सुचवायचे नाही, हा नियम मी आजवर पाळला आहे. त्या सकाळी तो फार जड गेला.

लासलगावहून रोज एसटीने येणारी एक विद्यार्थिनी दुसऱ्यांदा या परीक्षेला बसली होती. याही वेळी राहिली असती, तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश हातचा गेला असता. प्रोग्रामच्या आरंभी तिने एक दक्षता घेतली होती: प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कम्पायलर ४.७ या आवृत्तीपेक्षा जुना असेल तर तिथेच थांबावे. कम्पायलर आपली ओळख स्वतःच सांगतो. आपण काही न लिहिता __GNUC__ या मॅक्रोत, म्हणजे आयत्या नावात, त्याच्या आवृत्तीचा मुख्य क्रमांक असतो आणि __GNUC_MINOR__ मध्ये उपक्रमांक: ४.७ मधले चार आणि सात. घरच्या लॅपटॉपवर, ४.९ वर, सारे सुरळीत चालले होते. प्रयोगशाळेत मात्र नुकताच १३.२ बसवला होता.

पडद्यावर तिचाच संदेश उमटला: कम्पायलर जुना आहे.

नांदगावहून आलेले बाह्य परीक्षक माझ्याकडे वळले. "काय सर, नवा म्हणून जुनाच माल बसवून दिला का कुणी?"

चूक मला दिसली होती. मुख्य क्रमांक चार किंवा अधिक, आणि उपक्रमांक सात किंवा अधिक, अशी तिची अट होती. तेरा पुढे गेला, दोन अडला. वर्गात मी सांगितले होते की पुस्तक वरच्या इयत्तेचे असेल तर धडा कितवा हे विचारायचेच नाही. इयत्ता तीच असेल तेव्हाच धडा पाहायचा. तिला ते आठवेल का? तिने माझ्याकडे पाहिले. माझा चेहराच काही सुचवून जाईल या भीतीने मी खिडकीबाहेरच्या दुचाकींकडे पाहत राहिलो. मग कळफलकाचा आवाज आला.

तिने अट बदलली होती: मुख्य क्रमांक चारपेक्षा मोठा, किंवा चारच असून उपक्रमांक सात वा अधिक. प्रोग्राम चालला.

"आणि टर्बो सीवर नेला तर?" परीक्षकांनी विचारले. तो जुना कम्पायलर आमच्या भागात अजून कुठे कुठे वापरात आहे.

"तिथे हे मॅक्रोच नाहीत, सर. अटीत अनोळखी नाव आलं की शून्य धरतात. जुना आहे, असंच येईल." मग ती हळूच म्हणाली, "तेव्हा ते खरं असेल."

त्यांनी गुण लिहून कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला. ती उत्तीर्ण होती. मी सही केली आणि मगच तिच्याकडे पाहिले.