मंडईतला सेनापती

समोर लाकूड दिसलं की मिस्त्री त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. सागाचा ओंडका असो, माझं अभ्यासाचं टेबल असो, नाहीतर माझं डोकं. "बोलून राह्यलं," असं ते म्हणाले की वस्तू पास. माझ्या डोक्याचा निकाल त्यांनी बरेच दिवस राखून ठेवला होता.

चांद्यात आमच्या घरामागेच ते राहायचे. आरागिरणीत मिस्त्री, म्हणून सगळ्या गल्लीचे मिस्त्री. तरुणपणी एका ठेकेदारानं त्यांना सागाच्या कामावर ब्रह्मदेशात नेलं होतं. लढाईत जपानी आले तेव्हा सगळ्यांबरोबर तेही पायी निघाले आणि वाटेत तापानं पडले. एका शाळामास्तरानं त्यांना घरात घेतलं. मास्तरांची चिमुरडी मुलगी रोज भाताची पेज घेऊन यायची आणि वाडगा रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही. "माही जमादार होती ते," मिस्त्री सांगायचे. तुम्ही ही गोष्ट एकदा ऐकली असती तर तुम्हाला गोड वाटली असती. आम्हाला ती आठवड्यातून दोनदा ऐकावी लागे.

मी कॉलेजात असताना ब्रह्मदेशात फौजेनं कारभार हातात घेतला. थोड्या दिवसांनी रंगूनला राहिलेल्या एका जुन्या सोबत्याकडून मिस्त्रींना कळलं, की ती जमादार आता तिथल्या कॉलेजात शिकते आणि फौजेविरुद्ध भिंतींवर पत्रकं चिकटवली म्हणून तिला मैत्रिणींसकट तुरुंगात टाकलंय. खटला नाही, सुनावणी नाही.

मिस्त्री तडक माझ्या खोलीत आले. त्या दिवशी टेबलावर टकटक झाली नाही.

"तुमी कॉलेजवाले मोर्चे काढता ना? मंग माह्या पोरीसाठी काढा."

आम्ही काढला. विद्यार्थ्यांना सोडा, असा अर्ज लिहिला. त्यावर लोकांच्या सह्या घेऊन तो दिल्लीला ब्रह्मदेशाच्या वकिलातीत पाठवायचा होता. सभाही घेतली. मी मुठी आवळून लोकशाहीवर बोललो. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "हे रंगून बल्लारशाच्या पुढे येते का?" सह्या झाल्या त्या आमच्या आमच्याच.

"असं नाई होत," मिस्त्री म्हणाले. "दंडार करू."

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि त्या जत्रेत भरदिवसा दंडार रंगते. नाच, गाणी, सोंगं आणि मधूनमधून गोष्ट. राजे, राक्षस नेहमीचेच. फौजेचा सेनापती मात्र झाडीत कोणी पाहिला नव्हता. ते सोंग घ्यायला कोणी तयार होईना, कारण मंडईत दुष्टाला लोक खरोखर बदडतात. मिस्त्रींनी ते स्वतःकडे घेतलं. "माह्या पोरीच्या कामात दुसऱ्यानं मार काऊन खावा?"

लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट आणला. बकरीच्या केसांची मिशी केली. बांबूचा पिंजरा मिस्त्रींनीच बांधला, आणि माझ्या एका मित्राला लुगडं नेसवून आत बसवलं. सेनापतीला वाक्य एकच होतं: "हिला मी कधीच सोडणार नाही." तालमीत पिंजऱ्यासमोर उभे राहिले की मिस्त्रींच्या तोंडून भलतंच यायचं, "जेवली का व?" आम्ही पोट धरून हसायचो. तेही हसायचे, मग डोळे पुसत म्हणायचे, "पुन्ना करू."

चांदा फोर्टवरून छोट्या गाडीनं पिंजऱ्यासकट आम्ही सिंदेवाहीकडच्या एका गावी गेलो. मंडई गच्च भरलेली. मिस्त्री काय गरजले म्हणून सांगू. ते वाक्य त्यांनी असं टाकलं की माझ्याही अंगावर काटा आला. आणि मग झाडीतलीच माणसं करतील ते झालं. बाया उठल्या. कोणी पिंजऱ्यात शिंगाडे सारले, कोणी चिवडा. एकीनं सेनापतीची मिशी उपटली. गड्यांनी बांबू मोडून आमच्या नायिकेला दुसऱ्या प्रवेशाआधीच मोकळं केलं. मिस्त्री मार खाता खाता ओरडत होते, "इथी नाई, रंगूनमंदी सोडवा तिले! अंगठे द्या!"

लोकांनी अर्जावर अंगठे दिले. शाई संपली, तर बायांनी घरून तव्याची काजळी आणली.

दंडार आटोपल्यावर मिस्त्रींना तहान लागली. लाल कोटातच ते समोरच्या घरी गेले. दारात एक म्हातारी उभी होती.

"बाई, पाणी द्या."

"पह्यले पोरीले सोड. मंग पाणी माग."

मिस्त्री तसेच परतले, पण चेहरा असा की जणू कोणी त्यांच्या छातीवर बिल्ला लावला. चांद्याला येईपर्यंत ते पाणी प्याले नाहीत. "बाईनं शर्त घातली," ते ज्याला त्याला सांगत सुटले. अर्ज दिल्लीला गेला. उत्तर आलं नाही. पण मिस्त्री नंतर कामानिमित्त त्या गावाला जितक्यांदा गेले तितक्यांदा तहानलेलेच परतले.

पुढच्या उन्हाळ्यात रंगूनहून निरोप आला. मुली सुटल्या होत्या. आमच्या अंगठ्यांमुळे सुटल्या असं म्हणायची माझी हिंमत नाही, मिस्त्रींची होती. ते गिरणीतून तसेच आले, अंगभर भुसा, आणि मला हाताला धरून स्टेशनावर घेऊन गेले.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे. मला मात्र ते आठवतात ते त्या दिवशी भर उन्हात, म्हातारीच्या दारात.

म्हातारीनं ओळखलं नाही. मिस्त्रींनी नाकाखाली बोट आडवं धरून मिशी केली.

"बाई, सोडली पोरगी."

म्हातारीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "खरंच सोडली?"

"खरंच."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली, वर गुळाचा खडा. मिस्त्री उकिडवे बसून गटागटा प्याले. पाणी हनुवटीवरून भुशात उतरत होतं. आणि तांब्या रिकामा होईपर्यंत म्हातारी त्यांच्यासमोरून हलली नाही.