वर्षात ठेवलेला आवाज

जयवंत धाकू घाडी या माणसाने आयुष्यात माउसला कधी मनापासून हात लावला नाही. विक्रोळीच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटर खात्यात ऑपरेटर म्हणून लागला तेव्हा पडद्यावर चित्रंबित्रं काही नव्हती. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि समोर आपण. हुकूम टाइप करायचा, की यंत्र कामाला लागायचं. पुढे पडद्यावर रंग आले, खिडक्या आल्या, साहेबलोक टिकटिक करत बसले, पण जयवंत आपल्या काळ्या पडद्यालाच चिकटून राहिला. 'बोट दाखवून काम सांगायला मी काय मुका आहे?' असं तो म्हणायचा. आपण लिहून द्यावं आणि समोरच्याने ते शब्दाला शब्द पाळावं, यात त्याला फार बरं वाटे. घरात त्याचा एकही हुकूम कुणी पाळत नसे, म्हणूनही असेल.

कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने कन्नमवार नगरातल्या आपल्या दोन खोल्यांत, शोकेसच्या खालच्या कप्प्यातून बायकोचे स्टीलचे डबे हुसकावून लावले आणि तिथे एक जुना कॉम्प्युटर बसवला. बायको मालन महिनाभर धुसफुसत होती. पण तो कॉम्प्युटर जयवंतचा एकट्याचा नव्हता. तो पाणंदवाडी विकास मंडळ, मुंबई, यांचा होता. कुडाळच्या अलीकडच्या त्या वाडीतली निम्मी माणसं विक्रोळी, भांडुप आणि मुलुंडला राहतात, आणि या वाडीची शान म्हणजे भजन. मंडळाच्या भजनांचे व्हिडिओ आधी एका फुकटच्या मोठ्या साइटवर असत. एक दिवस कुणा कॅसेटवाल्याने 'ही चाल आमची' म्हणून दावा ठोकला आणि आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला गजर एका फटक्यात गायब झाला. सभेत नुसता गदारोळ. तेव्हा जयवंत उठून म्हणाला, "लोकांच्या ओटयेर किती दिवस बसतलास? आपली ओटी बांधूया."

त्याने खरोखर बांधली. मंडळाची स्वतःची व्हिडिओंची साइट, तिचं नावच 'ओटी', घरापुढच्या बसायच्या ओटीवरून. ना जाहिराती, ना कुणाचा दावा. भांडुपच्या हॉलमध्ये भजन झालं की दुसऱ्या दिवशी ते ओटीवर असे आणि गावच्या म्हाताऱ्या माडाखाली बसून मोबाईलवर बघत. व्हिडिओ चढवणं, नावं देणं, बिघडलं तर दुरुस्त करणं, सगळं जयवंत काळ्या पडद्यावर हुकूम लिहून करी. भजनात प्रत्येकाने मोबाईल वर करून धरायचा नाही, मंडळाच्या एकाच कॅमेऱ्याने शूटिंग व्हायचं, असाही ठराव झाला. शंभर हात मोबाईल धरण्यात गुंतले तर टाळ्या कोण वाजवणार? कॅमेऱ्यातलं कार्ड मात्र एकच होतं. ते पुसून पुढच्या भजनाला वापरत. ओटीवर चढलं म्हणजे जपलं गेलं, असा सगळ्यांचा विश्वास होता, आणि तो विश्वास जयवंतवर होता.

ओटीचा आणखी एक नियम होता, तो या मंडळाचाच. एकदा एक बुवा गेले आणि सुतकाच्या घरात कुणा पोराच्या मोबाईलवर त्यांचा गजर आपोआप वाजायला लागला. बुवांची आई पदर सावरत 'इलो, इलो', मुलगा आला, म्हणत दारात धावली. तिला आवरता आवरता बायकांच्या नाकी नऊ आले. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष दत्ताराम यांनी ठरवलं, की माणूस गेला की त्याचं भजन ओटीवरून उतरवायचं आणि वर्षश्राद्ध झालं की घरच्यांना बसवून, सगळ्यांनी मिळून, परत लावायचं. व्हिडिओ साइटवरच लपवून ठेवायची सोय होती, पण जयवंतचा तिच्यावर भरवसा नव्हता. चुकून कुणाचं बोट लागलं तर? तो सरळ फाईल उचलून त्याच डिस्कवर, साइटच्याच जागेत, 'वर्ष' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि साइटच्या यादीतून नाव काढून टाकायचा. मंडळात बोलायची पद्धतच पडली, 'अमुक बुवा सध्या वर्षात आहेत.' वर्ष झालं की एका हुकमात परत आणायचा. आतापर्यंत असे चौघेपाच जण वर्षात जाऊन सुखरूप परत आले होते.

मग सुयोग गेला.

सुयोग म्हणजे जयवंत-मालनचा एकुलता एक मुलगा. मुलुंडला औषधांच्या दुकानात काम करायचा, आईला चिडवायचा, बापाशी वाद घालायचा आणि सरावात भजनाला बसला की दुसराच कुणीतरी व्हायचा. पट्टी अशी लागायची की पखवाजवाला मान वर करून बघत राही. मंडळाचं शूटिंगही तोच करायचा. त्यामुळे सगळे कॅमेऱ्यासमोर आणि हा मागे. त्याने स्वतः बुवा म्हणून पूर्ण भजन म्हटलं ते एकदाच, त्या दिवशी कॅमेरा दुसऱ्याने धरला म्हणून. पुढे आषाढात त्याला ताप आला, तापाची कावीळ झाली, आणि आज बरा होईल, उद्या बरा होईल म्हणता म्हणता पोरगा हातचा गेला. त्याचा मोबाईल त्या धावपळीत रिक्षात राहिला तो राहिलाच. मालनकडे बटनांचा फोन. फोटो पुष्कळ होते. आवाज तेवढा त्या एका भजनात होता.

अकराव्याच्या आत जयवंतने मुलाचं भजन स्वतःच्या हाताने वर्षात ठेवलं. हुकूम एकेक अक्षर बघून लिहिला. चूक झाली नाही.

दिवाळीत शेजारी आकाशकंदील लागले. यांच्या घरी दिवा नव्हता. मालनने भांडी घासून ठेवली, हात पुसले आणि जयवंतच्या शेजारी येऊन बसली. ती कधी काही मागणारी बाई नव्हती.

"एकदाच लावा," ती म्हणाली. "आवाज बारीक ठेवा. मी दार लावून घेतंय. कोणाक कळूचा नाय."

जयवंतने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाय गो. वर्स होऊ दी. सगळ्यांका मीच अडवलंय, आता माझ्याच घरात मोडूचा?"

मालन उठून आत गेली. तिने परत कधी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर आड आला तो एकटा नियम नव्हता. जयवंतला भीती वाटत होती. तो आवाज एकदा खोलीत आला की आपण परत उभे राहू शकणार नाही, असं त्याला वाटे. नियमाच्या आडून तो स्वतःलाच वाचवत होता. म्हणून तो त्या फोल्डरकडे फिरकलाच नाही. आहे तिथे आहे, एवढ्यावर तो जगत होता. मालन मात्र कॅलेंडरची पुढची पानं चाळून आषाढ बघायची आणि पान परत सरळ करून ठेवायची.

मे महिन्यात मंडळी गावाला गेली. लग्नं, सत्यनारायण, जत्रा, दोन बुवांच्या भजनसामन्याच्या डबलबाऱ्या. व्हिडिओंचा नुसता पूर आला आणि डिस्क भरली. जयवंत हुशार माणूस. साइटच्या नव्या आवृत्तीत साफसफाईचा एक हुकूम आला होता, तो त्याने वाचून काढला. साइटच्या यादीत ज्या फायलींची नोंद नाही, अर्धवट चढलेल्या, जुन्या, बेवारशी, त्या सगळ्या हुडकून पुसायच्या. त्याने हुकूम दिला. काळ्या पडद्यावर फायलींची नावं सरसर वर धावली. यंत्राने ठेवलेली ती नावं, नुसते आकडे आणि अक्षरं, माणसाला वाचता येत नाहीत. त्या लोंढ्यातून 'वर्ष' कधी वर सरकलं ते त्याला दिसलं नाही. शेवटी यंत्राने विचारलं: या फायली कुणाच्या नाहीत, पुसू?

जयवंतने 'हो' लिहिलं.

मग सवयीप्रमाणे त्याने दुसऱ्या डिस्कवरची नक्कलही ताजी करून घेतली. ती नक्कल अशी बांधलेली होती, की इकडे असेल ते तिकडे आणि इकडे नसेल ते तिकडेही नाही. ही अक्कलहुशारी त्याचीच होती. भरपूर जागा मोकळी झाली. त्याने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'ओटी झाडून स्वच्छ. पाठवा व्हिडिओ.' खाली अंगठ्यांची रांग लागली, आणि गावचे व्हिडिओ येऊन त्या मोकळ्या जागेत बसू लागले.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने मन घट्ट करून 'वर्ष' उघडायचा हुकूम दिला. यंत्राने उत्तर दिलं, की असं फोल्डर नाही. त्याला वाटलं टाइप करताना चुकलं. परत लिहिलं. परत तेच उत्तर. दुसरी डिस्क पाहिली. तिथेही नाही. मग त्याला तो 'हो' आठवला. ओटीवर येणं बंद व्हावं म्हणून त्याने ज्याला यादीतून काढलं, तोच यंत्राच्या लेखी बेवारशी ठरला होता. आणि वर्षभरात वर्षात दुसरं कुणी नव्हतंच. एकटा सुयोग होता.

समोरच्या इमारतीत किरण जाधव राहायचा, कंपनीतला जुना जोडीदार. जयवंत चपला न घालताच त्याच्याकडे गेला. किरण येऊन संध्याकाळपर्यंत खटपट करत होता. पुसलेलं परत आणायची जेवढी हत्यारं होती तेवढी त्याने चालवून पाहिली. शेवटी त्याने खुर्ची मागे सरकवली.

"पुसलं तेव्हाच कळलं असतं ना यार, तर काहीतरी हाती लागलं असतं," तो म्हणाला. "आता त्या जागेवर दुसरं लिहून झालंय रे. कुणाचं तरी लग्न बसलंय तिथे."

किरण गेला. मालन देवापाशी उद्यासाठी दर्भ, तीळ, पत्रावळी काढून ठेवत होती. तिने सुयोगचा फोटोही पुसून ठेवला होता. आज ती कितीतरी दिवसांनी जरा हलकी दिसत होती, हेच जयवंतला बघवेना. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सांगून टाकलं. काय दाबलं, कसं गेलं, नक्कल कशी गेली, सगळं. तिला त्यातलं फारसं कळलं नसेल. गेलं एवढं कळलं.

ती रडली नाही. हातातल्या पत्रावळी तिने नीट एकावर एक ठेवल्या.

"मगे मी वर्सभर कान बांधून बसलंय," ती म्हणाली, "ता कित्याक?"

 

दुसऱ्या दिवशी पिंडदान झालं, पानं उठली. खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. दत्तारामांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी रिवाजाप्रमाणे कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीकडे बघून म्हटलं, "जयवंता, वर्स सुटला. लाव आता."

जयवंत उभा राहिला. तो सांगणार, तेवढ्यात मालन भिंतीला टेकून बसली होती तिथूनच बोलली.

"तेचा भजन नाय आता. गेला ता. तेनी काढलेला कायतरी लावा. तेच्या हातचा."

खोलीत कुजबुज झाली आणि थांबली. जयवंत कॉम्प्युटरपाशी बसला. सुयोग ज्यात दिसत नाही, नुसतं शूटिंग करतो, ते व्हिडिओ नियमात बसत नव्हते, म्हणून ते ओटीवर तसेच राहिले होते. त्याने शोधायचा हुकूम लिहिला: चित्रीकरण, सुयोग. बरीच नावं आली. त्याने दत्तारामांचंच एक जुनं भजन लावलं.

भांडुपचा हॉल दिसला. दत्ताराम पेटीवर, मागे टाळकरी. गजराने जोर धरला आणि इतक्यात निळ्या चौकड्यांच्या शर्टाची एक रुंद पाठ कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. ती जयवंतची होती. कुठलीशी वायर बघायला तो मधे कडमडला होता. बुवा दिसेनात, पेटी दिसेना, नुसता शर्ट. आणि मग कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, मोठ्याने आवाज आला.

"ओ बाबा, सरक ना जरा! तुझ्या पाठीचं शूटिंग होतंय सगळं!"

आणि एक हसू. पडद्यावरचा जयवंत दचकला, मागे वळून ओशाळं हसला आणि वाकून बाजूला झाला. भजन पुढे चालू राहिलं.

 दत्तारामांनी डोळ्यांना उपरणं लावलं.

"परत लावा," मालन म्हणाली.

त्याने मागे नेऊन लावलं. पाठ, आवाज, हसू, बाजूला होणं. "परत," ती म्हणाली. माणसं एकेक करून उठली, चपला शोधल्या आणि गेली. जयवंत लावत राहिला. प्रत्येक वेळी पोरगा त्याला तेच सांगत होता आणि प्रत्येक वेळी तो पडद्यावर निमूटपणे बाजूला होत होता.

खोली रिकामी झाली तेव्हा मालनने पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसता आलं असतं.

"तेवा तेचा ऐकलात," ती म्हणाली. "माझा नाय ऐकलात."

 मग तीच म्हणाली, "लावा परत." त्याने लावलं.