आईने पाहिलेली भरती

वसईजवळच्या गोखिवऱ्यातल्या माझ्या घरात चिखलाचा खारट वास आला, की ती दुपार आठवते. दुष्काळी गावातून पहिल्यांदाच वसईला आलेल्या आईला किल्ला दाखवून खाडीच्या धक्क्यावर नेलं, तर ओहोटीमुळे होड्या चिखलात कलंडलेल्या. “आरं, हिचं बी पानी आटलं?” आईचा चेहरा पडला. होडीवाला म्हणाला, “बसा आई, येल पानी.” आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तरी समोरून पाण्याची चमकती रेघ सरकत आली, चिखल बुडाला आणि होड्या एकेक करून उठून उभ्या राहिल्या. मग किल्ल्यातल्या देवळात वाहून उरलेलं हळदकुंकू आईने पायरीवर वाकून पाण्याला वाहिलं. अजूनही गावाहून तिचा फोन आला, की आधी विचारते, “खाडीला पानी आलं का?” माझी चौकशी नंतर.