डबीत न ठेवलेली गोळी

जे पुढे लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच.

लॉकडाऊनच्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटी, जिल्ह्याच्या एका इस्पितळात तरुण डॉक्टर माझ्यासमोर उभे होते. अंगभर प्लास्टिकचा पोशाख, फक्त डोळे दिसत होते. ते म्हणाले, "तुमच्या मिसेसना ब्रेन हेमरेज झालंय. रक्तदाब खूप वाढून मेंदूतली बारीक रक्तवाहिनी फुटली. डाव्या बाजूला फुटली म्हणून उजवा हात-पाय आणि बोलणं गेलंय. बीपीची गोळी नियमित चालू होती ना?"

मी म्हणालो, "तिची तीच घेते. कधी विसरत असेल."

हे खोटं होतं. ती विसरली नव्हती. गोळी मीच देत नव्हतो.

माझी बायको शुभदा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मी एका सरकारी खात्यात स्टोअरकीपर. खिळ्यांपासून टायरपर्यंत सगळं माझ्या ताब्यात. आम्ही दोघेही त्याच वर्षाच्या आगेमागे निवृत्त झालो आणि मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी असलेल्या आमच्या घरी राहायला आलो. मुलगी मनाली पुण्याला. दोन महिने होतात न होतात तोच सगळं बंद झालं.

खरं सांगायचं तर सुरुवातीचे दिवस वाईट नव्हते. तीस वर्षांत आम्ही दिवसभर एकमेकांसमोर कधी नव्हतो. सकाळी ती अंगण झाडायची, मी विहिरीचं पाणी काढायचो. मग कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा. ताजी मासळी दिसत नव्हती तेव्हा खारवलेल्या मासळीवर आम्ही दीड महिना काढला. रक्तदाबाच्या माणसाला एवढं मीठ चालत नाही हे मला माहीत होतं. दुपारी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन यायचे. कोण कुठे अडकलाय, कुणाला मूल झालं, सगळ्यांची नावं तिला पाठ. मी बातम्या बघायचो आणि घाबरायचो.

आमच्या भागात पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी करतात. आगोटीची तयारी म्हणतात त्याला. तांदूळ, सुकी मासळी, मिरची, चुलीची लाकडं. जे साठवलं ते पुरवून पुरवून वापरायचं हे मी लहानपणापासून बघत आलो आणि नोकरीतही तेच केलं. त्या एप्रिलमध्ये मी घरातल्या प्रत्येक गोष्टीला तोच नियम लावला. साबणाचे दोन तुकडे केले. चहा दोन वेळांवर आणला. शुभदा हसायची. "अवो, ह्यां घर आसा काय तुमचां स्टोअर? माका सही करून साखर घेवची लागतली आता."

तिच्या गोळ्या मी बघायचो. रोज सकाळी एका लहान स्टीलच्या डबीत तिच्या तीन गोळ्या काढून ठेवायच्या, हे माझं काम. एक बीपीची, एक थायरॉईडची, एक कॅल्शियमची. तिचा चष्मा मोडला होता आणि चष्म्याचं दुकान बंद होतं. डबी उघडायची, तोंडात टाकायची, वर पाणी. माझ्यावर एवढा विश्वास.

एप्रिलच्या मध्याला बीपीच्या दोन पट्ट्या उरल्या. बाजारातल्या मेडिकलच्या मागच्या गल्लीत एक रुग्ण सापडला होता आणि तिथे बांबू बांधले होते. मी हिशेब केला की एक दिवसाआड दिल्या तर जूनपर्यंत पुरतील. तोवर सगळं सुरळीत होईल. तांदळासारखाच हा हिशेब होता. अर्धा तांदूळ खाल्ला तर माणूस अर्धपोटी राहतो, पण बीपीची गोळी तशी असते का, हे मी डॉक्टरांना फोन करून विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं आणि मला बाजारात जावं लागलं असतं.

तिने एकदा विचारलं. "आज दोनच? एक खंय गेली?"

"कॅल्शियमची संपली. बाजारात जातलंय तेव्हा आणतलंय."

कॅल्शियमची संपली नव्हती; बीपीची द्यायच्या दिवशी मी ती वगळायचो, म्हणजे डबीत रोज दोनच. पुढे ती विचारेनाशी झाली.

बाजारात जायची गरजही नव्हती, हे सर्वांत जास्त टोचतं. आमच्या शेजारचा रफिक, चाळिशीचा, मासळीचा टेम्पो चालवतो. त्याच्याकडे पास होता, तो गावातल्या लोकांना भाजी आणि किराणा आणून द्यायचा. दोन वेळा कुंपणापलीकडून त्याने विचारलं. "काकानू, मी कुडाळाक जातंय उद्या. औषधां-बिवषधां काय व्हया तर सांगा."

"नको रे, सगळां आसा घरात."

त्याने आणलेलं पाकीट घरात घ्यायची मला भीती वाटत होती. दहा गावं फिरून येणारा माणूस. सुनंदा नर्स घरोघरी ताप बघायला यायची, तिलाही मी पायरीवरूनच परत पाठवलं. तिच्या पिशवीत बीपीचं मशीन होतं.

पाच आठवडे असे गेले. शुभदा दोनदा म्हणाली की डोक्याच्या मागे जड वाटतं. मी म्हटलं, ऊन आहे.

त्या दिवशी सकाळी ती पडवीत रातांबे फोडत बसली होती, कोकमाची सोलं वाळत घालायला. सुरी खाली पडल्याचा आवाज आला. मी बघितलं तर ती उजव्या हाताकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखी. तोंड एका बाजूला ओढलं होतं. काहीतरी म्हणत होती, पण शब्द होत नव्हते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं झालं तर कृपा करून लक्षात ठेवा. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी तो ब्रेन स्ट्रोक असू शकतो. घड्याळ बघा आणि इस्पितळ गाठा. तोंडातून पाणी, गोळी, सरबत काहीही देऊ नका. गिळण्याची ताकद गेलेली असते, ते फुप्फुसात जातं.

मी काय केलं? मी आत धावलो आणि पट्टी शोधली. दोन गोळ्या एकदम काढून तिच्या तोंडात कोंबल्या आणि पाणी ओतलं. तिला ठसका लागला. मग मी वाट बघत बसलो, गोळीचा गुण येईल म्हणून. अर्धा तास गेला. कशामुळे झालंय हे मला पहिल्या क्षणापासून कळलं होतं.

शेवटी रफिकला हाक मारली. तो धावतच आला. टेम्पोत सतरंजी घातली, शुभदाला उचलून आत निजवलं. नाक्यावर पोलिसांनी अडवलं तेव्हा त्याने फक्त काच खाली केली. "काकी आसा. बघा तोंड." त्यांनी लगेच सोडलं.

इस्पितळात आधी नाकातून स्वॅब घेतला. त्यानंतर सीटी स्कॅन, म्हणजे मेंदूचे आतले फोटो. सिस्टर म्हणाल्या, "तोंडातून काही दिलंत का?" मी नाही म्हणालो. त्यानंतर डॉक्टरांचा तो प्रश्न आणि माझं ते उत्तर. पाच मिनिटांत दोनदा खोटं.

ऑपरेशन लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ लहान आहे, हळूहळू विरघळेल. नऊ दिवस आम्ही तिथे होतो. रुग्णाबरोबर एकालाच परवानगी, म्हणून मीच. बाकांवर एक सोडून एक फुली मारलेली. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीला कुणी नव्हतं, तिलाही मी पेज भरवायचो. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखी माणसं कमी." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

बोलणं जाण्याला डॉक्टर अफेजिया म्हणतात. माणसाला कळत असतं, पण शब्द हाताशी येत नाही. शुभदाकडे एकच शब्द उरला होता, "हो." पाणी हवं का, हो. नको का, हो. दुखतंय का, हो.

मनाली पास काढून आली, चौदा दिवस शाळेच्या खोलीत राहिली आणि मग घरी आली. तिने औषधांचा डबा उपसला. पट्ट्या मोजल्या, बिलावरची तारीख बघितली. गोळ्या जास्त उरल्या होत्या. ती आईसमोर बसली.

"आई, तू गोळ्या चुकवत होतीस?"

"हो," शुभदा म्हणाली.

"अगं, किती वेळा सांगितलं होतं तुला! पोरांना शिस्त लावलीस आणि स्वतः?"

"हो," शुभदा म्हणाली आणि रडायला लागली.

मी दारात उभा होतो. त्या "हो"ला काही अर्थ नाही, हे त्या घरात मला सर्वांत चांगलं माहीत होतं. मी चहा करायला आत गेलो.

पुढचं दीड वर्ष फिजिओथेरपीचं, म्हणजे हातापायांना पुन्हा काम शिकवायचं. स्पंजचा चेंडू दाबणं, भिंतीवर बोटं चढवणं, आरशासमोर ओठांचे व्यायाम. मी एक दिवस चुकवला नाही. लोक मला नावाजत होते. शब्द एकेक करून परत आले, आधी मालवणी, मग शाळेतली मराठी. आज ती काठी घेऊन चालते. उजव्या हाताने घास घेता येतो, खडू धरता येत नाही. माणसांची नावं मध्येच हरवतात.

बोलता आलं तेव्हा ती सत्य सांगेल अशी मला भीती होती. पण तिच्याकडे सत्य नव्हतंच. तिला तेच आठवत होतं जे आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं.

हल्लीच आमच्या अंगणवाडीत आरोग्याच्या माहितीचा कार्यक्रम झाला. शुभदाला बोलायला बोलावलं होतं. मी मागच्या खुर्चीवर. ती काठीवर टेकून उभी राहिली. "बायांनो, बीपीची गोळी चुकवू नकात. मी चुकवलंय. माझ्याच विसरान माझो हात गेलो."

पुढच्या रांगेतली एक बाई, तिचीच जुनी विद्यार्थिनी, ओरडली. "बाईनू, आमका पाडे पाठ करूक लावलास आणि गोळी तुमीच इसारलास?"

सगळ्या हसल्या. शुभदाही हसली, कान पकडून. डावा कान, डाव्या हाताने.

घरी येऊन मी हे लिहायला घेतलं. मध्यंतरी मी एका ओळखीच्या डॉक्टरांना आडून विचारलं होतं. ते म्हणाले, गोळी रोज घेऊनही कधीकधी होतं, खात्री कुणी देऊ शकत नाही. मी त्यामागे लपणार नाही.

इथपर्यंत लिहून मी तीन दिवस थांबलो. चौथ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, शुभदाला म्हटलं, बस, काहीतरी वाचून दाखवायचं आहे. वरचा सगळा मजकूर वाचला.  

संपल्यावर तिने रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे मी इसारलंय नाय."

"नाय."

"एक दिस पण नाय?"

"नाय."

तिने पुन्हा ते वाक्य स्वतःशीच म्हटलं. "मी इसारलंय नाय." तिचा चेहरा मी किती वर्षांत तसा मोकळा पाहिला नव्हता. त्यात माझ्यासाठी काही नव्हतं. मग ती उठली. मी हात पुढे केला. तिने काठी घेतली.

दोन दिवस ती जेवणापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मनालीक तुमी सांगा. मी सांगूचंय नाय. आणि त्या बायांकाय."

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरच्या आजारी माणसाच्या गोळ्या तुमच्या हातात असतील आणि त्या चुकल्या, चुकवल्या, तर डॉक्टरांना त्याच वेळी सांगा. त्यांना खरं कळलं तर ते पुढचे उपचार नीट ठरवतात. ते रागावतील, पण ते एका दिवसाचं असतं.

शुभदा जगली, चालते, बोलते, याबद्दल मी इस्पितळातल्या सगळ्यांचा आणि रफिकचा ऋणी आहे. तिने मला माफ केलं का हे मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

चतुर्थीला मनाली येईल. तिच्यासमोर बसून, तिच्या आईच्या देखत, गोळी मी दिली नाही हे मला स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. त्यानंतर अंगणवाडीत जाऊन त्या बायकांना. हे दोन्ही मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.