तेहतीस सळयांचं वाण

माझे वडील माझ्या घरचं पाणी पीत नाहीत. आमचं भांडण वगैरे काही नाही. लेकीच्या घरचं अन्नपाणी बापाने घ्यायचं नाही, असा आमच्याकडचा जुना नियम आहे आणि अण्णा तो पाळतात. नातवंड झालं की नियम सुटतो. आमच्या बाबतीत तो सुटणार नाही, हे डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगून टाकलं. म्हणजे मूल झालं नाही ते झालं नाहीच, वर बापालाही उपाशी पाठवायचं. मला या नियमाचा मनापासून राग येतो. अण्णांना बोलून दाखवलं तर म्हणतात, "नियम काय मी केलाय व्हय?"

आई होती तोवर हे चालून गेलं. ते दोघं पुंडलिकनगरात आणि आम्ही बिडकीनच्या रस्त्याला, नवऱ्याची कंपनी तिकडे म्हणून. अण्णा यायचे, पायरीवर बसायचे, आईने भरून दिलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि जायचे. दीड वर्षापूर्वी आई गेली. तेव्हापासून अण्णांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. तिने शेगडीवर शेवटचं घातलेलं फडकं अजून तसंच आहे, मलाही ते उचलू देत नाहीत. मेसचा डबा यायचा, त्यातली अर्धी पोळी ते खायचे आणि बाकीचं गल्लीतल्या कुत्र्याला घालायचे. कुत्रं गलेलठ्ठ झालं आणि अण्णांच्या पॅन्टला सेफ्टी पिन लागायला लागली. त्यांनी पोटभर जेवावं, आणि कधीतरी, एकदा तरी, माझ्या हातचं जेवावं, एवढंच मला हवं होतं.

मेसची भाजी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, कारण तिला विस्तवाचा वास नव्हता. वैजापूरकडच्या शेतात वाढलेला माणूस. वांगं, कांदा, कणीस, जे हाताला लागेल ते निखाऱ्यावर टाकायचं आणि खायचं. एकदा त्यांनी पुंडलिकनगरच्या गच्चीवर गोवऱ्या पेटवून वांगी भाजायला घेतली, तर शेजारच्या काकूंना वाटलं आग लागली. त्यांनी आपल्या गच्चीवरून बादलीभर पाणी वांग्यांवर ओतलं आणि वर अण्णांनाच विचारलं, "भाजलं तर नाय ना कुठं?" त्यानंतर अण्णांनी गोवऱ्यांचं नाव काढलं नाही.

नवऱ्याच्या कंपनीत कसलीशी पार्टी झाली, तिथे त्याने गॅसवर चालणारं ग्रिल पाहिलं. बटण दाबलं की पेटतं, धूर नाही, राख नाही, आणि खालून खरीखुरी आच. मी त्या रात्री तेवढाच विचार करत झोपले. विश्वासाचं, सोपं, बिनकटकटीचं ग्रिल घ्यायचं आणि अण्णांच्या गच्चीवर नेऊन ठेवायचं. पण लेकीकडून वस्तू घेणंही नियमात बसत नाही. मागे मी स्वेटर नेला होता, तो तासाभरात मलाच घालून परत पाठवला. उन्हाळ्यात.

तेवढ्यात अधिक महिना लागला. या महिन्यात जावयाला वाण देतात. जावई म्हणजे नारायण, त्याला तेहतीस अनारसे किंवा बत्तासे, दिवा, जमलं तर चांदीचं काहीतरी. दर तीन वर्षांनी आई हे सगळं करायची आणि माझा नवरा नारायण होऊन पाटावर लाजत बसायचा. यंदा कोण करणार, म्हणून अण्णा आधीच हवालदिल होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ग्रिल जावयासाठी म्हणून अण्णांनाच निवडायला लावायचं, म्हणजे ते त्यांना हाताळता येईल असंच घेतील. मग नारायणाने म्हणायचं, मामा, आम्हाला हे नको, तुम्हीच ठेवा. नवऱ्याला मी हे वाक्य पाठ करून घ्यायला लावलं.

अण्णांना म्हटलं, "जावईबापूंना भाजायची शेगडी हवी आहे. वाणात तीच द्या."

"शेगडी? वाण जाळीदार लागतंय बाई. अनारशाला जाळी, बत्ताशाला जाळी. शेगडीला कुठली आली?"

"ग्रिलला जाळीच असते, अण्णा. बाकी काही नसतंच."

अण्णांनी मान डोलावली. मी स्वतःवर खूश झाले. इथेच मी माती खाल्ली, पण ते कळायला वेळ होता.

अण्णा चौतीस वर्षं सरकारी गोदामात भांडारपाल होते. माल तपासल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. ऐन दुपारी, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं अशा वेळी, आम्ही शहरातल्या एका दुकानात शिरलो. अण्णांच्या हातात कापडी पिशवी. दुकानदार उत्साही निघाला. "आओ चाचा. तीन पीस है अपने पास, एक से एक."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पहिल्या ग्रिलवर वाकले. मला वाटलं बर्नर बघतायत. ते सळया मोजत होते.

"सव्वीस," ते म्हणाले. "चालत नाय."

दुसऱ्याच्या चाळीस निघाल्या. दुकानदाराला आता घाम फुटला होता. "कित्ते सलाखां होना चाचा तुमको?"

"तेहतीस."

"चाचा, ये पकाने का सामान है."

"वाणात द्यायचंय," अण्णांनी शांतपणे सांगितलं. "कमी नाय, जास्त नाय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "चालीस वाले की सात काट के देतूं." त्याच्या धंद्याच्या निष्ठेला माझा नमस्कार. पण अण्णांना कापलेलं वाण चालेना. तिसऱ्या ग्रिलच्या सळया एकतीस. अण्णांनी पुन्हा मोजल्या, मला मोजायला लावल्या, दुकानदाराला मोजायला लावल्या. तिघांच्याही एकतीसच. अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले आणि दूरवरून त्याच्याकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी उठले.

"एकतीस सळया, दोन बटनं. तेहतीस."

"एकदम तेत्तीस, चाचा!" दुकानदार इतका ओरडला की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला.

मग खरी तपासणी सुरू झाली. पेटवायचं बटण अण्णांनी पन्नासदा दाबलं, पन्नासही वेळा ठिणगी पडली. झाकण आपटून पाहिलं. चाकांवरून ग्रिल दुकानभर फिरवलं, मिक्सर आणि पंख्यांच्या मधून. खाली तेल गळतं तो ट्रे काढून घातला, डोळे मिटून परत काढून घातला, कारण अंधारातही जमायला पाहिजे. मी मनात म्हणत होते, घ्या अण्णा, नीट बघून घ्या, तुमचंच आहे. शेवटी त्यांनी पिशवीतून चार वांगी काढली.

दुकानदाराने शेजारच्या चहाच्या गाड्यावरून सिलिंडर मागून आणलं आणि दुकानाच्या पायरीवर वांगी चढली. चहावाला चहा सोडून वांगी बघायला आला. साल काळी पडून फुटली तशी अण्णांनी नुसत्या बोटांनी ती ओढून काढली, एक वांगं दुकानदाराला दिलं, एक चहावाल्याला आणि एक रिक्षावाल्याला. चौथं त्यांनी स्वतः खाल्लं. उभ्याउभ्या, फुंकर मारत, अख्खं. आई गेल्यापासून मी त्यांना काही अख्खं खाताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते उन्हावर ढकललं.

वाण द्यायच्या दिवशी पुंडलिकनगरच्या हॉलमध्ये ग्रिल मधोमध उभं होतं. त्याच्या दोन्ही बटणांना हळदीकुंकू लावलेलं, झाकणावर समई, जाळीवर तेहतीस अनारसे हारीने मांडलेले. ओवाळायला शेजारच्या काकू आल्या होत्या, त्याच बादलीवाल्या. समईच्या ज्योतीवर त्यांचा बारीक डोळा होता. नवरा टोपी घालून पाटावर बसला. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, आता बोल. त्याने तोंड उघडलं आणि नेमके तेव्हा अण्णा, त्र्याहत्तर वर्षांचे अण्णा, त्याच्या पायावर डोकं ठेवायला वाकले. नवऱ्याचं वाक्य तोंडातच राहिलं. मी त्याला चिमटा काढला तेव्हा कुठे तो बरळला, "मामा, आम्हाला हे... आम्ही काही भाजत नाही हो. तुमच्याकडेच राहू द्या."

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

"नारायणाला दिलेलं माघारी घेत्यात व्हय, जावईबापू? आन् तेहतीस भरलंय ते."

काकू म्हणाल्या, "बरोबर आहे." करायला गेले गणपती आणि झाला मारुती. संध्याकाळी छोट्या टेम्पोतून ग्रिल आमच्या घरी आलं आणि मागोमाग आम्ही, मांडीवर तेहतीस अनारसे घेऊन.

पंधरा दिवस ते पोर्चमध्ये पडून राहिलं. नवरा गॅसला इतका भितो की चहासुद्धा तो विजेच्या किटलीत करतो. मी रागाने त्यावर ओले टॉवेल वाळत घालायला लागले. एका रविवारी अण्णा आले आणि वाणावर पंचा वाळताना बघून पांढरेफटक पडले.

"वापरत नाय तुम्ही?"

"यांना पेटवता येत नाही," मी म्हणाले. ते खरंही होतं.

अण्णा तसेच स्कूटरवर बसून परत गेले. मला वाटलं, रुसले. तासाभराने आले तेव्हा दोन पायांच्या मध्ये पाच किलोचं छोटं सिलिंडर, हँडलला पिशवी, पिशवीत वांगी, कांदे, मिरच्या, मेसमधल्या पोळ्या आणि पाण्याची बाटली. आमचं सिलिंडर त्यांना चालणार नव्हतं, ते जावईबापूंच्या नावावरचं. त्यांनी स्वतःचं जोडलं. पेटवलं. मग अचानक विझवलं आणि फरशीकडे बघत उभे राहिले.

"ही जागा तुमची," ते म्हणाले.

त्यांनी चाकांचे ब्रेक सोडले, ग्रिल ढकलत पोर्चमधून, फाटकातून बाहेर काढलं आणि रस्त्याच्या कडेला उभं केलं. "ही सरकारची." भर उन्हात, पुन्हा पेटवून त्यांनी वांगी लावली आणि स्कूटरच्या सीटवर बसून, सरकारी जमिनीवर, स्वतःच्या गॅसवर भाजलेलं स्वतःचं वांगं स्वतःच्या पोळीशी खाल्लं. मी फाटकाच्या आत हातात गरम भाकरी घेऊन उभी होते. फाटक कमरेएवढं आहे. भाकरी गार झाली तेव्हा मी ती घेऊन आत गेले आणि ओट्यावर आपटली.

पण ते दर रविवारी यायला लागले, कारण वाण पडून राहता कामा नये. समोरच्या घरातल्या बाई कणसं घेऊन यायच्या, शेजारचे निवृत्त मास्तर पनीर घेऊन यायचे, अण्णा सगळ्यांना भाजून द्यायचे आणि सगळ्यांचं थोडं थोडं खायचे. सगळ्यांचं! मास्तरांचं चालतं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं चालतं, फक्त माझं नाही. सेफ्टी पिन निघाली, पॅन्ट पुन्हा अंगाला बसली, आणि मी सुखी व्हायला हवी होते. मी नव्हते. मी दर रविवारी फाटकाच्या आत उभी राहून चडफडायची. नवरा म्हणायचा, जेवतायत ना ते? मी म्हणायची, तू गप्प बस, नारायणा.

गेल्या रविवारी पाऊस येईल असं वाटत होतं, म्हणून कोणी आलं नाही. अण्णा एकटेच. त्यांनी भरीत कालवलं, एक घास घेतला आणि थांबले. पिशवीत हात घालून चाचपलं. मग दुसऱ्या हाताने चाचपलं. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. समोरच्या बाईंच्या दाराला कुलूप, मास्तर गावाला.

बराच वेळ ते भरिताकडे बघत बसले. मी फाटकाला धरून उभी होते. शप्पत, मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"मीठ हाय का गं?" त्यांनी विचारलं.

मी घरात पळाले. बरणीच घेऊन आले, चमचाही आणायचं सुचलं नाही. अण्णांनी फाटकावरून हात पुढे केला, मी तळहातावर मीठ ठेवलं. त्यांनी ते भरितावर भुरभुरलं, कालवलं आणि खाल्लं. सगळं खाल्लं, भांडं पुसून.

"बारीक हाय," ते म्हणाले. "भरताला जाडं लागतं."

"आणून ठेवते," मी म्हणाले.

"ठिवून दे," अण्णा म्हणाले आणि हात धुवायला बाटलीचं झाकण उघडायला लागले.

मी आत जाऊन ओट्याला टेकून मनसोक्त रडले. दुसऱ्या दिवशी पाच किलो जाडं मीठ आणलं. पोतं बघून नवऱ्याने विचारलं, दोन माणसांच्या घरात एवढं मीठ खाणार कोण?

मी म्हटलं, "माझे वडील."