भोपळ्याच्या जागी

भिंगारला आमच्या भिंतीपलीकडे ती राहायची. डोक्यावरची घागर उतरवण्याआधी डोळे मिटून देवाशी पुटपुटायची, "उपकार, बापा." चहाच्या कपालाही उपकार, वाऱ्याच्या झुळकीलाही. बोलता बोलता मधेच डोळे मिटायची आणि आपण तसेच ताटकळत उभे. मला राग यायचा. एवढे कसले उपकार?

कापणीच्या सणाला आमची ख्रिस्ती मंडळी पिकातलं काहीबाही देवळात वेदीपुढे ठेवायची. ती परसातला भोपळा आणायची. प्रार्थना-भक्ती संपली की पाळकसाहेब त्या वस्तूंचा लिलाव करायचे.

दुष्काळाच्या वर्षी तिचा वेल जळून गेला. वेदीपुढे चार कणसं आणि एक नारळ. खिडकीतून पिवळं, धुळकट ऊन आत तरंगत होतं. त्या उन्हातून ती पाटी घेऊन आली. पाटीत लुगड्याची घडी, घडीवर तिचं तान्हं, लग्नानंतर किती वर्षांनी झालेलं. तिने कणसांशेजारी पाटी ठेवली. पोर झोपेत हसलं.

लिलावात कणसं गेली, नारळ गेला. पाटीपाशी पाळकसाहेब थबकले. "बाई, हे उचला आता."

"देवाला दिल्यालं आपन कसं उचलावं, साहेब?"

पाळकसाहेबांनीच वाकून पोर उचललं आणि तिच्या हातात दिलं. "देवाचंच आहे. तुम्ही फक्त सांभाळा."

"पैल्या दिसापासून तेच तर करतीय."

या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. मिटले ते मी.