मोहाखालची शोकांतिका

हसा, आधी पोटभर हसून घ्या, मग सांगतो! कुरखेड्याजवळच्या त्या गावात सगळे हसून मोकळे झाले आणि धुमसत राहिलो तो मी एकटाच.

चौऱ्याऐंशी साल असेल. मी सांगलीकडचा मास्तर, बदली थेट जंगलात. बायको सांगलीलाच. फावल्या वेळात कथा लिहायचो. एका संपादकानं माझी कथा परत पाठवली, वर शेरा मारला, ‘तुमच्या पात्रांना ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. निसर्गाचा त्यांच्या मनावर काही परिणाम होतो की नाही?’

अहो, काय हा उद्धटपणा! म्हटलं थांब, असा उन्हाळा दाखवतो की वाचतानाच घाम फुटेल!

पात्रही समोरच मिळालं. शेजारच्या वत्सलाबाई. नवरा कामासाठी चंद्रपूरला. फाल्गुनात जंगल बोडकं झालं आणि या बाई रोज एकट्या तिकडे जायला लागल्या. एका निष्पर्ण झाडाखाली उभ्या राहून वर बघायच्या. बराच वेळ! मग खालचा पाचोळा गोळा करून पेटवून द्यायच्या.

आता सांगा, तुम्ही काय समजला असतात? विरह! दुसरं काय? झाडाआड उभा राहून मी आठवडाभर टिपणं काढली. सतरा पानी कथा झाली. नायिका ओसाड रानात स्वतःचा भूतकाळ जाळते आणि शेवटी भ्रमिष्ट होते. लिहिताना माझेच डोळे भरून आले हो.

पाठवण्याआधी म्हटलं, गावाला वाचून दाखवू. शाळेच्या पटांगणात सगळे जमले. ‘तिनं भूतकाळाला काडी लावली’ या वाक्याला मी आवाज कापरा केला, आणि बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या!

वत्सलाबाई उठल्या. “गुरुजी, हे मीच आहो नं जी?”

“पात्र आहे ते!” मी तडकलो.

“अजी, मोहाखालचा पाला जाळला नाई तं पडलेली फुलं वेचाले दिसतीन कशी? अन् वर पाहून राह्यली होती, फुलं कवा गळतीन म्हणून.”

“पण ते उजाड रान... तुमचं मन...”

“मोहाच्या दिवसांत आमाले मराले फुरसत नाई. उदास कवा होऊ?”

इथं तरी मी गप्प बसावं की नाही? छे! “लेखकाला बारकाईनं पाहावं लागतं!” मी ओरडलो.

“पाहत तं आमीबी होतो,” त्या म्हणाल्या. “भर उन्हात, डोक्यावर टोपी नाई, झाडाआड उभे, आपल्याशीच बोलून राह्यले. म्हटलं, ऊन चढलं गुरुजीले. म्या हेडमास्तरभाऊले सांगतलं. त्यायनं तुमच्या घरी चिठ्ठीबी टाकली.”

संताप झाला नुसता! माझ्या डोक्यावर ऊन?

दुसऱ्याच दिवशी बायको एसटीतून उतरली. एका हातात कांदे-कैऱ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात ती चिठ्ठी, आणि डोळे रडून लाल. मी चिठ्ठी हिसकावून वाचली.

‘उन्हाळा लागल्यापासून गुरुजी एकाच झाडाकडे बघत असतात. शेजारी सावली असून उन्हात उभे राहतात. हाक मारली की दचकतात.’

बस, एवढंच!

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझी प्रत्येक कथा तिनं वाचली होती, एकदासुद्धा डोळ्याला पदर लागला नव्हता. आणि या तीन ओळींवर ती सांगलीपासून रडत आली! हेडमास्तर गणित शिकवायचे हो, गणित!